‘रन’ दिसला की आधी शेजार बघ

इंग्रजीतून मराठीत अनुवादाला बसलीस की ‘रन’ (run) हा शब्द पहिल्याच आठवड्यात तुझी वाट अडवेल. घाबरू नकोस. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासाठी पीटर गिलिव्हर यांनी नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे काढले आणि त्यात त्यांचे नऊ महिने गेले. तेव्हा पाठांतराच्या नादी लागू नकोस, शेजारचा शब्द बघ. नाक असेल तर ते गळतं. धुण्यात कापडाचा रंग असेल तर तो जातो. हॉटेल असेल तर कुणीतरी ते चालवतं. ‘रन आउट ऑफ’ म्हणजे सरळ संपणं: मीठ संपलं, पैसे संपले. निवडणुकीत अमेरिकन माणूस ‘रन’ करतो, ब्रिटिश मात्र ‘स्टँड’ करतो; आपला उमेदवारही उभाच राहतो!

खरं तर ही नजर तुझ्याकडे आहेच. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, दूध पातेल्याला लागतं, आंबा गोड लागतो. इंग्रजीत नेताना या प्रत्येक ‘लागणे’ला वेगळा शब्द शोधावा लागतो. ‘रन’चं अगदी तसंच.

मसुदा झाला की मोठ्याने वाच. जिथे जिथे ‘धावणे’ लिहिलंस तिथे पेन्सिलीने खूण कर आणि मूळ वाक्य पुन्हा उघड.