गावातली खाणावळ टिकावी म्हणून
प्रश्न : मंदीमुळे पर्यटक रोडावले आणि मालवणातल्या आमच्या नेहमीच्या खाणावळीने रात्रीचे जेवण बंद केले. आम्ही गिऱ्हाइकांनी काय करावे?

उत्तर : आधी तिथली आपली उधारी चुकती करा, कारण छोट्या मालकाला सकाळी बंदरावर बांगडा रोखीने घ्यावा लागतो आणि तुमच्याकडे अडकलेले पैसे हेच त्याचे भांडवल असते. जमल्यास महिन्याच्या डब्याचे पैसे आगाऊ द्या. जेवण अ‍ॅपवरून न मागवता थेट फोन करा, म्हणजे कमिशन वाचेल. खरी कसोटी लागते ती १ जून ते ३१ जुलै या यांत्रिक मासेमारीबंदीच्या काळात. ताजी सुरमई महागते, तेव्हा तिचाच हट्ट न धरता आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचे सांबार आवडीने मागवा. पावसाळ्यात आमच्या घरी तेच शिजायचे, आणि त्यात काहीही उणे नव्हते.

मालकाला भांडवल हवे असेल, तर २०१५ पासून सुरू असलेल्या मुद्रा योजनेतील ५०,००० रुपयांपर्यंतच्या विनातारण शिशू कर्जाची बँकेत चौकशी करायला तुम्ही सोबत जा. मात्र जुनी देणी फेडण्यासाठी नवे कर्ज काढू नये, असे मला ठामपणे वाटते.