ओझूच्या ‘लेट स्प्रिंग’मध्ये वडील मुलीशी खोटं का बोलतात?

तुमचा प्रश्न असा आहे की नोरिको वडिलांजवळ सुखात असताना ते ‘मी दुसरं लग्न करतोय’ असं खोटं का सांगतात, आणि हे प्रेम म्हणायचं की जबरदस्ती?

माझ्या मते प्रेम अगदी खरं आहे, आणि तरीही नोरिकोवर अन्याय झालाय.

जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूचा हा सिनेमा 1949 चा, म्हणजे युद्ध संपून चारच वर्षं झालेली. युद्धकाळातल्या सक्तीच्या कामामुळे नोरिकोची तब्येत ढासळली होती, ती आता कुठे सुधारलीय. वय 27. आत्या स्थळं आणते, पण ही बधत नाही. मी गेले तर बाबांचं कोण बघणार? वडील नेमकं हेच कारण काढून घेतात. आणि कसं, तर वडिलांच्या मित्राने दुसरं लग्न केलं म्हणून जिने ते किळसवाणं आहे असं त्याला तोंडावर सुनावलं होतं, तिलाच हे ऐकवून! नोह या पारंपरिक जपानी नाटकाच्या प्रयोगाचा प्रसंग आठवा. ज्यांच्याशी ते लग्न करणार असं नोरिकोला वाटतं, त्या समोरच्या बाईंना वडील मान लवून नमस्कार करतात, बस्स. पुढे एकही संवाद नाही, पण नोरिको झालेल्या सेत्सुको हाराचा चेहरा पाहवत नाही.

क्योतोमध्ये सामान आवरताना ती शेवटचं विनवते: तुम्ही लग्न केलंत तरी चालेल, मला तुमच्यापाशीच राहू द्या. वडील समजावतात की सुख लग्नाबरोबर आयतं येत नाही, ते दोघांनी घडवायचं असतं, त्याला वर्षं लागतात. आणि दाखला कुणाचा देतात? तिच्या आईचा. तीही सुरुवातीला सुखी नव्हती, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात रडताना मी तिला पाहिलंय, म्हणतात. जे आईने सोसलं तेच लेकीला आशा म्हणून सांगायचं! वडिलांच्या भूमिकेतला चिशू ऱ्यू हे इतक्या मायेने बोलतो की राग धरता येत नाही. वर माफी नोरिकोच मागते. या प्रसंगामुळेच मी तिच्या बाजूची आहे.

ओझूने तिचं लग्न दाखवलं नाही, नवरासुद्धा नाही. तो म्हणे हॉलिवूडचा नट गॅरी कूपरसारखा दिसतो, एवढंच कळतं. वडिलांचं म्हणणं खरं ठरलं असं ओझूला म्हणायचं असतं, तर तिचा सुखाचा संसार दाखवणं काय अवघड होतं?

आता ओझूचाच ‘लेट ऑटम’ (1960) जरूर बघा. त्यात सेत्सुको हारा विधवा आई झालीय, आणि लग्नाला नको म्हणतेय तिची मुलगी.