'संरक्षण खर्च' की 'लष्करी खर्च'?

एका वाचकाचा प्रश्न आहे: "जगभरातल्या वाढत्या लष्करी खर्चाच्या बातम्या भाषांतरित करतो. एकाच बातमीच्या मथळ्यात 'संरक्षण खर्च', मजकुरात 'लष्करी खर्च' आणि चौकटीत 'सैन्यखर्च' असं छापून येतं. तिन्हींचा अर्थ एकच का? 'सुरक्षा' आणि 'संरक्षण' यांत फरक करावा का? आणि ट्रिलियनला मराठीत काय म्हणावं?"

आधी थेट उत्तर देतो. जगाची किंवा अनेक देशांची मिळून बेरीज सांगायची असेल तर 'लष्करी खर्च' लिहावं. एखाद्या सरकारने आपल्या अर्थसंकल्पात संरक्षण या नावाखाली ठेवलेली रक्कम सांगायची असेल तर 'संरक्षणासाठीची तरतूद' लिहावं. 'सैन्यखर्च' चुकीचा नाही, पण तो वाचताना पगार, शिधा आणि गणवेश डोळ्यांसमोर येतात. पाणबुडी, उपग्रह किंवा क्षेपणास्त्राचं संशोधन येत नाही. आज मोठ्या रकमा तिथेही जातात. म्हणून तो मी टाळतो.

'लष्करी' या शब्दावर एक आक्षेप हमखास घेतला जातो: लष्कर म्हणजे भूदल, मग नौदलाचा आणि हवाई दलाचा पैसा 'लष्करी' खर्चात कसा धरायचा? आक्षेप निम्मा खरा आहे. नाम म्हणून 'लष्कर' आज बहुतेक वेळा भूदलालाच लागतं. आपण 'लष्करप्रमुख', 'नौदलप्रमुख' आणि 'हवाई दलप्रमुख' असे तिघे वेगळे म्हणतो, आणि तिघांच्या वरच्या पदासाठी 'संरक्षण दलप्रमुख' असा शब्द रुळला आहे. पण त्याच शब्दाचं विशेषण झालं की अर्थ पुन्हा पसरतो. 'लष्करी विमान' बहुतेक वेळा हवाई दलाचं असतं. जिबुतीतल्या चीनच्या 'लष्करी तळा'वर नौदलाचा कारभार आहे. 'लष्करी राजवट' आली म्हणजे फक्त पायदळ सत्तेवर बसलं असं कोणी समजत नाही. मराठीत नाम अरुंद आणि विशेषण रुंद, अशी या शब्दाची आजची स्थिती आहे. तेव्हा 'लष्कराचा खर्च' आणि 'लष्करी खर्च' हे दोन वेगळे प्रयोग झाले. पहिल्यात नौदल बसत नाही, दुसऱ्यात बसतं. भाषांतर करताना प्रत्ययावर लक्ष ठेवलंत तर निम्मा गोंधळ तिथेच संपेल.

शब्द मूळचा फारसी, पण मराठीत इतका मुरलेला की म्हणींतही शिरला. पुण्यात तर 'लष्कर' हे एका भागाचंच नाव आहे. गावाकडे मात्र 'मिलिटरीत गेला' किंवा 'पलटणीत आहे' असंच ऐकू येतं. घरोघरच्या सैनिकांमुळे साताऱ्याजवळच्या एका गावाचं नावच 'अपशिंगे मिलिटरी' पडलं. बोलण्यात हे सगळे शब्द सुखाने नांदतात. आकडेवारी लिहिताना मात्र निवड करावी लागते, कारण तिथे शब्द बदलला की आकडाही बदलतो.

हे जरा विस्ताराने सांगायला हवं. 'सरंजाम' हा शब्द घ्या. आज आपण 'सरंजामशाही' एवढ्यापुरताच तो वापरतो. मराठेशाहीत फौज बाळगता यावी म्हणून सरदाराला ज्या मुलखाचा महसूल लावून दिलेला असे, तो त्याचा सरंजाम. म्हणजे फौजेच्या खर्चाचा बराच भाग मध्यवर्ती खजिन्यातून रोखीने निघतच नसे. शिवाय शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई, तर बारगिराला घोडा पुरवला जाई. एकाच स्वारीत दोघे शेजारी शेजारी दौडले तरी त्यांचा खर्च दोन वेगळ्या ठिकाणी पडे. त्या काळच्या फौजेचा एकूण खर्च काढायला बसलेल्या माणसाने फक्त खजिन्याची वही उघडली, तर उत्तर चुकणारच.

आजच्या देशांचंही तसंच आहे. स्टॉकहोमची 'सिप्री' ही संस्था १९६६ पासून शस्त्रं आणि युद्ध यांचा अभ्यास करते, आणि जगाच्या लष्करी खर्चाचा सर्वाधिक उद्धृत होणारा आकडा तिचाच असतो. देशाने 'संरक्षण' असं लेबल कशावर लावलं आहे, एवढ्यावर ती थांबत नाही. सैन्यदलं, संरक्षण खातं, लष्करी कारवाईसाठी तयार केलेली निमलष्करी दलं, सैनिकांचे पगार आणि निवृत्तिवेतन, शस्त्रखरेदी, लष्करी संशोधन, दुसऱ्या देशाला दिलेली लष्करी मदत, हे सगळं ती धरते. 'नागरी संरक्षण' मात्र वगळते. म्हणजे नावात 'संरक्षण' असलेलं एक खातं बाहेर राहतं, आणि नावात ते नसलेलं आपलं 'सीमा सुरक्षा दल' आत येतं. अशा बेरजेला 'संरक्षण खर्च' म्हणणं कसं चालेल?

भारताचंच उदाहरण पाहा. २०२४-२५ साठी संरक्षण मंत्रालयाची तरतूद ६.२२ लाख कोटी रुपये होती. त्या वेळच्या विनिमय दराने सुमारे ७४ अब्ज डॉलर. सिप्रीने मात्र २०२४ साठी भारताच्या नावापुढे ८६.१ अब्ज डॉलर मांडले आणि भारताला जगात पाचवं स्थान दिलं. आपल्या अर्थसंकल्पात गृह मंत्रालयाखाली येणारी निमलष्करी दलं सिप्री लष्करी खर्चात धरते, हे या फरकामागचं मोठं कारण. उलट बाजूही आहे. २०२५-२६ च्या ६.८१ लाख कोटींतले सुमारे १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनाचे होते. 'शस्त्रांवर ६.८१ लाख कोटी' असा मथळा देणाऱ्याने ही ओळ वाचलेली नसते. नवी विमानं, जहाजं, तोफा ज्यातून येतात त्या भांडवली खर्चाची तरतूद १.८० लाख कोटी होती.

चीनच्या बाबतीत दरी याहून मोठी आहे. २०२४ चा चीनचा अधिकृत संरक्षण अर्थसंकल्प १.६७ लाख कोटी युआन, म्हणजे २३० अब्ज डॉलरच्या आसपास. सिप्रीचा अंदाज ३१४ अब्ज. दोन्ही आकडे एकाच बातमीत, दोन्हींवर 'संरक्षण खर्च' अशी चिठ्ठी, असं छापलं तर वाचकाला वाटणार की वार्ताहराला बेरीज येत नाही. पहिल्याला 'अधिकृत संरक्षण तरतूद' आणि दुसऱ्याला 'अंदाजे लष्करी खर्च' म्हटलं की दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर दिसतात. 'तरतूद' आणि 'खर्च' हेही एकमेकांऐवजी वापरू नयेत. तरतूद म्हणजे काढून ठेवलेली रक्कम. ती पूर्ण खर्च होईलच असं नाही, आणि वर्षाच्या मध्यात वाढूही शकते.

आता 'संरक्षण' या शब्दाकडे. रक्षणाला 'सम्' लागलं की नीट, सर्व बाजूंनी राखणं असा अर्थ होतो. शब्द सुंदर आहे, आणि त्यात एक निवाडा आधीच झालेला आहे: हल्ला करणारा दुसरा, राखणारे आपण. कोणताही देश आपल्या खात्याला हेच नाव देणार. पूर्वी तसं नव्हतं. ईस्ट इंडिया कंपनीने १७७६ मध्ये कलकत्त्यात जे खातं काढलं ते सरळ 'मिलिटरी डिपार्टमेंट' होतं. पुढे 'आर्मी डिपार्टमेंट' झालं, जानेवारी १९३८ मध्ये त्याचं 'डिफेन्स डिपार्टमेंट' केलं, आणि ऑगस्ट १९४७ मध्ये स्वतंत्र भारताचं संरक्षण मंत्रालय. हिंदीने 'रक्षा मंत्रालय' स्वीकारलं, मराठीने 'संरक्षण'. १९६२ च्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले ते मराठी वाचकांसाठी 'संरक्षणमंत्री' म्हणूनच. ब्रिटनचं 'वॉर ऑफिस' १९६४ पर्यंत टिकून होतं. अमेरिकेचं युद्ध खातं १७८९ चं. १९४७ च्या कायद्याने ते मोडलं आणि १९४९ मध्ये 'डिफेन्स' हे नाव आलं. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून 'डिपार्टमेंट ऑफ वॉर' हे जुनं नाव दुय्यम नाव म्हणून वापरायला मुभा दिली. कायद्यातलं नाव तो आदेश बदलू शकत नाही, म्हणून भाषांतरात 'संरक्षण खातं' ठेवावं, आणि बातमीच नावाबद्दल असेल तिथे 'युद्ध खातं' लिहावं.

हा निवाडा किती जड पडतो ते रशिया आणि युक्रेन यांच्या आकड्यांत दिसतं. सिप्रीच्या अंदाजाने २०२४ मध्ये रशियाने १४९ अब्ज डॉलर लष्करावर घातले. युक्रेनने ६४.७ अब्ज, म्हणजे देशाच्या एकूण उत्पन्नाच्या (जीडीपीच्या) ३४ टक्के. रशियाच्या अर्थसंकल्पात या रकमेचं मुख्य शीर्षक 'राष्ट्रीय संरक्षण' असंच आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये शेजारच्या देशात रणगाडे घुसवणारा आणि आपल्या शहरांवरची क्षेपणास्त्रं आकाशात अडवणारा, या दोघांच्या खर्चाला मराठीने एकाच श्वासात 'संरक्षण' म्हणावं, हे मला पटत नाही. 'लष्करी खर्च' कोणाची बाजू घेत नाही; पैसा कशावर गेला एवढंच सांगतो.

'सुरक्षा' आणि 'संरक्षण' यांत फरक जरूर करावा. संरक्षण ही कृती आहे, कोणापासून तरी केलेली. सुरक्षा ही स्थिती आहे. म्हणून 'पोलीस संरक्षण' मिळतं, 'सुरक्षा' वाटते. संयुक्त राष्ट्रांची 'सुरक्षा परिषद', 'अन्नसुरक्षा', 'सामाजिक सुरक्षा' यांत 'संरक्षण' घालून पाहा, कानाला लगेच खटकेल. संयुक्त राष्ट्रांच्या १९९४ च्या मानव विकास अहवालाने 'मानवी सुरक्षा' ही कल्पना मांडली तेव्हा तिच्यात अन्न, आरोग्य, पर्यावरण असं सगळं होतं.

आज हा फरक पैशाच्या हिशेबातही उतरला आहे. जून २०२५ मध्ये हेग इथल्या नाटो या लष्करी युतीच्या बैठकीत सदस्य देशांनी २०३५ पर्यंत देशाच्या एकूण उत्पन्नाच्या ५ टक्के खर्चाचं उद्दिष्ट घेतलं. त्यातले ३.५ टक्के मूळ संरक्षणासाठी, आणि उरलेले १.५ टक्क्यांपर्यंत संरक्षण आणि सुरक्षेशी निगडित कामांसाठी: रस्ते, पूल, बंदरं, सायबर यंत्रणा, आणीबाणीची तयारी. इटलीत चर्चा झाली की मेसिनाच्या सामुद्रधुनीवरचा नियोजित पूल या खात्यात बसेल का. 'नाटोचे देश संरक्षणावर ५ टक्के खर्च करणार' हे वाक्य म्हणूनच अपुरं आहे. 'संरक्षण आणि सुरक्षेवर मिळून ५ टक्के' असं लिहावं.

शब्दाचं वजन राज्यकर्त्यांनाही कळतं. मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने ८०० अब्ज युरोंपर्यंत पैसा उभा करण्याची योजना 'रीआर्म युरोप' या नावाने मांडली. इटली आणि स्पेनच्या नेत्यांनी 'रीआर्म' या शब्दालाच हरकत घेतली, आणि त्याच महिन्यात 'रेडिनेस २०३०' हे नाव पुढे आलं. मराठीत पहिल्याला 'पुनर्शस्त्रीकरण' म्हणावं लागेल, दुसऱ्याला 'सज्जता'. योजनेतला पैसा तोच राहिला. इथे भाषांतरकाराने दोन्ही नावं द्यावीत असं मला तळमळीने वाटतं. एकच दिलं तर वाचकापासून अर्धी बातमी लपते.

राहिला ट्रिलियन. २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च २७१८ अब्ज डॉलर झाला. इंग्रजीत तो २.७१८ ट्रिलियन, मराठीत २.७२ लाख कोटी. 'अब्ज' आणि 'लाख कोटी' दोन्ही सर्वांना कळतात, म्हणून हेच वापरावेत. 'खर्व' मात्र घेऊ नका. मराठीच्या परंपरेत अब्जाच्या दसपट ते खर्व. हिंदीतलं 'खरब' अब्जाच्या शंभरपट. हिंदी बातमीवरून मराठी करणाऱ्यांच्या हातून इथे दहापट चूक होते. ट्रिलियनला आपल्याकडे 'महापद्म' हा नेमका शब्द आहे, पण आज बातमीत तो लिहिला तर वाचकाला कोश उघडावा लागेल.

त्याच आकड्याबरोबर '९.४ टक्के वाढ' असं येतं. तिथे 'भाववाढ वगळून' हे दोन शब्द घालाच. सिप्री वाढ मोजताना महागाईचा परिणाम काढून टाकते, आणि तसं करूनही शीतयुद्ध संपल्यापासून एका वर्षातली ही सर्वांत मोठी वाढ आहे. ते दोन शब्द गाळले तर वाचक म्हणेल, सगळंच महागलं, तसं हेही. नाटोच्या उद्दिष्टाबाबतही हीच काळजी घ्यावी. २०१४ च्या वेल्समधल्या बैठकीतलं जुनं उद्दिष्ट २ टक्के होतं. तिथून मूळ संरक्षणाच्या ३.५ टक्क्यांवर जाणं ही 'दीड टक्क्याची वाढ' नव्हे. ती दीड टक्केबिंदूंची वाढ आहे, आणि रुपयाच्या भाषेत सांगायचं तर जिथे दोन रुपये जात होते तिथे साडेतीन जाणार.