वाचकांचे प्रश्न : उन्हात केलेला सर्किट बोर्ड

प्रश्न : तांब्याच्या बोर्डावर निळी ड्राय फिल्म (प्रकाशाने पक्की होणारा पातळ थर) इस्त्रीने चिकटवून, त्यावर ट्रान्सपरन्सीवर (पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदावर) छापलेले सर्किट ठेवून मी तो भर दुपारी दहा मिनिटे उन्हात धरतो, पण सोड्याच्या पाण्यात फिल्म कुठूनच सुटत नाही. एकदा वेळ कमी केली, तर सर्किटच्या रेषाही धुऊन गेल्या. चूक कोठे होत असावी?
– एक वाचक, यावल

उत्तर : या फिल्मला दोन पारदर्शक आवरणे असतात. आतले चिकटवण्यापूर्वी काढायचे असते आणि बाहेरचे ऊन दिल्यानंतर, सोड्यात बुडवण्याआधी. हे दुसरे आवरण राहून गेले नाही ना, हे आधी पाहावे. अनुभवी माणसाकडूनही ते राहते.

तसे नसेल, तर दहा मिनिटे फार झाली. या फिल्मवर जेथे प्रकाश पडतो तेथे ती पक्की होते. म्हणून रेषा पारदर्शक आणि बाकीचा भाग काळा छापावा लागतो. लेझर प्रिंटरचा काळा रंग दिव्यासमोर धरल्यास त्यात बारीक छिद्रे दिसतात आणि आपल्याकडच्या उन्हाला तेवढी वाट पुरते. दोन प्रती तंतोतंत एकावर एक ठेवाव्यात, छापील बाजू फिल्मला टेकवावी आणि वर काच दाबावी. बोर्डाच्या तुकड्यावर पुठ्ठा दर पाच सेकंदांनी थोडा थोडा सरकवत कमी-जास्त ऊन मिळालेले पट्टे पाडले, की योग्य वेळ कळते. इस्त्रीही बेताची गरम असावी, कारण जास्त तापलेली फिल्म प्रकाशाशिवायही घट्ट होते.

रेषा धुऊन जाण्याचे कारण अपुरे ऊन हे असू शकते, परंतु मला संशय पाण्याचाही आहे. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम धुण्याचा सोडा (खायचा नव्हे) पुरतो आणि ते पाणी सुमारे ३० अंशांचे असावे. मे महिन्यात खानदेशातील गच्चीवरच्या टाकीचे पाणी याहून बरेच गरम असते आणि पक्की झालेली फिल्मही सैल करते. माठातले पाणी मिसळून ते निववावे.

पुढे उघडे राहिलेले तांबे विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराइडसाठी प्लॅस्टिकचेच भांडे वापरावे आणि भुकटी पाण्यात थोडी थोडी टाकावी, भुकटीवर पाणी ओतू नये. वापरलेल्या द्रावणात तांबे उतरलेले असते, त्यामुळे ते मोरीत किंवा केळीच्या बुडाशी ओतू नये.