जुनी जिप्सी, नवे टायर आणि घरची मंडळी

प्रश्न : 2006 ची मारुती जिप्सी (जीपसारखी गाडी) घेतली आहे. मोठे टायर, गाडी उंच करणारं लिफ्ट किट आणि पुढे बुलबार (बंपरसमोरचा लोखंडी दांड्यांचा सांगाडा) बसवायचा विचार आहे. घरचे चौघे आणि अंजनेरी-भावलीकडचे कच्चे रस्ते. आधी काय करू?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : भाऊ, आधी बॉनेट उघडा. माझ्या गाडीला पंचवीस हजारांचे टायर होते आणि भर पावसात भावली धरणाजवळ दोन-अडीचशे रुपयांचा रेडिएटरचा होज (पाण्याचा रबरी पाइप) फुटला. पोरं मागे मक्याची कणसं खात बसली, मी इंजिन थंड व्हायची वाट बघत. रेडिएटरचं तापलेलं झाकण उघडायचं नसतं, हे सौभाग्यवतींनीच ऐकवलं. तेव्हा होज, फॅनबेल्ट, थर्मोस्टॅट, ब्रेकचे रबर आधी बदला. चासीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) मागच्या स्प्रिंगच्या पाट्या जिथे अडकवतात त्या हँगरपाशी स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. गंजाचा भुगा पडला तर वेल्डिंगवाल्याकडे आधी जा.

टायर 205/70 आर 15 याच मापाचे, पण ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीवर चालणारे घ्या. मोठ्या टायरने गिअरिंग जड होतं, कसारा घाटात तेराशे सीसीचं इंजिन रडतं. लिफ्ट विसरा. बुलबारवर 2017 पासून बंदी आहे.

मागे आडव्या बाकांवर मुलं? नको! आरटीओत विचारून पुढे तोंड असलेली, बेल्टची सीट बसवा. आणि कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकू नका. वळणावर टायर घासतात, ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीवर) ताण येतो.

पंधरा वर्षं उलटलीत, आरसीचं नूतनीकरण झालंय ना?