न्यूट्रल सुटून व्होल्टेज वाढलं असेल तर काहीही परत लावण्याआधी हे तपासा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की घाटंजी तालुक्यातल्या तुमच्या गावी वादळाच्या संध्याकाळी बल्ब आधी लख्ख झाले, मग चार उडाले. टीव्ही आणि सेटटॉप बॉक्स बंद पडले, फ्रीज नुसता 'कट्' करतो, कूलरचा पंखा घुमतो पण फिरत नाही. शेजारी मात्र त्याच वेळी दिवे मंद झाले आणि तुमचा एमसीबी (फ्यूजच्या जागी बसवतात तो आपोआप पडणारा स्विच) पडला नाही. तुमचे बल्ब लख्ख आणि त्याच वेळी शेजारचे मंद, यावरून कळतं की हे आभाळातल्या विजेचं काम नाही. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) किंवा खांबावर न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, सुटला असणार. न्यूट्रल गेला की दोन फेजमधले 400 व्होल्ट दोन्हीकडच्या घरांत वाटले जातात, आणि ज्या फेजवर लोड कमी तिथे जास्त व्होल्ट जातात, 300 च्या वरसुद्धा. एमसीबी करंट वाढला की पडतो. व्होल्टेज त्याला कळतच नाही.

म्हणून टीव्ही-फ्रीजला हात लावायच्या आधी लाईन बघा. सगळे प्लग काढा. मल्टिमीटर एसी 600 किंवा 750 वर ठेवून मेन स्विचच्या येणाऱ्या बाजूला फेज-न्यूट्रल मोजा. हाताला सवय नसेल तर वायरमनकडून मोजून घ्या. साधारण 230 पाहिजे. पण ढिला न्यूट्रल लोडशिवाय पकडता येत नाही, म्हणून मेन चालू करून फक्त इस्त्री लावा आणि परत मोजा. 5-10 व्होल्ट उतरले तर ठीक. एकदम 150-170 वर आलं, किंवा शेजाऱ्यांचं लोड बदलेल तसा आकडा वरखाली नाचू लागला, तर न्यूट्रल अजून जोडलेला नाही. इस्त्री चालू असताना न्यूट्रलच्या छिद्रातही टेस्टर पेटला तरी तोच अर्थ. लगेच मेन बंद करा आणि 1912 वर तक्रार नोंदवा. डीपीवर कोणी चढू नका. आणि गावात करतात तसं न्यूट्रलची वायर अर्थिंगला किंवा हातपंपाला बांधू नका, हात जोडून सांगतो. पंपाच्या दांड्याला हात लावणारं पोर त्यात जाईल.

लाईन नीट झाली की फ्रीज घ्या, कारण भीती त्याचीच जास्त असते आणि बऱ्याचदा बिघाड छोटा निघतो. दर दोन-तीन मिनिटांनी 'कट्' म्हणजे कंप्रेसर सुरू होत नाही आणि ओव्हरलोड (कंप्रेसर वाचवणारा कटआउट) त्याला तोडतोय. प्लग काढा. मागे खाली कंप्रेसरच्या बाजूला डबी असते, तीत रिले (कंप्रेसर सुरू करून देणारा भाग) आणि ओव्हरलोड असतात. रिले ओढून काढा आणि कानाशी हलवा. आत खडखड वाजलं तर आतली गोळी फुटली, रिले बदला. मग कंप्रेसरच्या तीन पिनांचा रेझिस्टन्स दोन-दोनच्या जोडीने मोजा. दोन लहान आकड्यांची बेरीज तिसऱ्या मोठ्या आकड्याएवढी आली पाहिजे. 15 आणि 25 असतील तर 40. शिवाय कोणतीही पिन आणि कंप्रेसरची बॉडी (रंग खरवडून) यांत काहीच दाखवता कामा नये. एवढं जुळलं तर कंप्रेसर बहुतेक वाचला. नवीन रिले-ओव्हरलोड त्याच नंबरचे टाका आणि बंद-चालू करताना मध्ये पाच मिनिटं सोडा. इन्व्हर्टर फ्रीज असेल तर हा हिशेब लागू नाही: तिन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात आणि दोष बहुधा बोर्डात असतो.

सेटटॉप बॉक्सचा आधी अॅडॉप्टर तपासा. 12 व्होल्ट लिहिलंय आणि मीटरवर शून्य आलं तर बॉक्स ठीक असण्याची बरीच शक्यता आहे. नवा घेताना व्होल्ट तेच, अँपिअर तितकेच किंवा जास्त, पिनचं प्लस-मायनस तेच.

टीव्हीच्या पॉवर बोर्डावर काचेचा फ्यूज काळा झालेला दिसेल. त्याच्या जवळ शर्टाच्या बटणाएवढी चपटी, बहुतेक निळी चकती असते, तिला तडा आणि भोवती काजळी. ती एमओव्ही, म्हणजे जादा व्होल्टेजचा झटका स्वतःवर घेणारा भाग. तिच्यावर 471 असेल तर 470 व्होल्ट. 400 व्होल्ट एसीचं टोक 565 पर्यंत जातं, म्हणून तिने स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवला. नुसता फ्यूज बदलला तर तोही उडतो, आणि तिथे तार गुंडाळली तर बोर्ड जळतो. शेजारचा 450 व्होल्टचा मोठा कपॅसिटर वरून फुगलाय का बघा. प्लग काढल्यावरही त्यात जोरदार चार्ज राहतो, म्हणून ज्याला डिस्चार्ज करता येत नाही त्याने बोर्ड उघडूच नये. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा लावताना 100 वॉटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये घ्या, म्हणजे करंट बल्बातून होऊनच टीव्हीला जाईल असा. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख राहिला तर आत अजून शॉर्ट आहे.

कूलर: प्लग काढून पातं हाताने फिरवून बघा, जाम नसावं. मग प्लग लावून काडीने ढकलल्यावर पंखा फिरू लागला तर कपॅसिटर गेला. जुन्यावर जितके एमएफडी (मायक्रोफॅरड, कपॅसिटरचं माप) लिहिलेत तितकेच, 440 व्होल्टचे घ्या. जळका वास असेल तर रिवाइंडिंग. पण पाणी भरण्याआधी मोटर आणि पंप दोन्ही वाइंडिंगवाल्याकडून मेगरने (जास्त व्होल्ट देऊन लीकेज मोजणाऱ्या मीटरने) तपासून घ्या. घरच्या मल्टिमीटरच्या छोट्या बॅटरीवर बारीक लीकेज पकडलं जात नाही आणि ओल्या कूलरच्या पत्र्याला हात लावणारा मात्र जातो. उडालेले एलईडी बल्ब फेकून द्या.

पुढच्या वेळेसाठी मीटरनंतर एक ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा: वर 260-270 ला, खाली 170-180 ला तोडणारा, परत जोडायला दोन-तीन मिनिटं घेणारा. स्पाइक गार्डच्या पट्टीत तीच एमओव्ही असते, ती क्षणभराच्या झटक्यासाठी. मिनिटभर 350 व्होल्ट आले तर तीच जळते. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाकत जा. आपली काळी माती वैशाखात भेगाळते आणि रॉडपासून सुटते.

सुटे भाग घ्यायला यवतमाळला जाताना जुने रिले, ओव्हरलोड, कूलरचा कपॅसिटर आणि अॅडॉप्टर सोबत न्या. फ्रीज घरीच ठेवा, फक्त कंप्रेसरच्या लेबलचा फोटो काढून ठेवा.