‘पदवी पाहिजेच’ मधला ‘च’

“पदवी नाही, चाळिशी उलटली, आता नेटवर्कच्या कामात कोण घेणार?” कणकवलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्यांदा आलाय, की एका गृहस्थांची हकीकत सांगतेच. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

देवगडकडचे, वय 42, बारावी पास. 21 वर्षं ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त केली. मग कंबर गेली, डॉक्टरांनी वाकून जड उचलणं बंद केलं. केबलवाल्या मेहुण्याबरोबर फायबर ओढताना या कामाची गोडी लागली, रात्री व्हिडिओ बघून पुष्कळ शिकलेही. अर्ज मात्र एकही नाही. ‘शिक्षण’ हा रकाना आला की फोन बाजूला.

“माका कोण घेतलो, मॅडम? पदवी व्हयीच.”

सीसीएनए या सिस्को कंपनीच्या नेटवर्किंगच्या परीक्षेला पदवीची अट नाही, हे मी सांगितलं. त्यांना ते आधीच ठाऊक होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, इथे माहितीची वाण नाही, लाजेचं ओझं आहे. माहितीने लाज जात नाही.

चौथ्या भेटीत मी विचारलं, “भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर?”

खुर्चीत ते ताठ झाले. “पैलो टाकीत डिझेल हा काय बघूचा. मगे फिल्टर. मगे लायनीत हवा धरली काय. पंप सगळ्यात शेवटाक. आल्या आल्या पंप खोलता तो नवखो.”

हे मी कागदावर एकाखाली एक लिहिलं आणि पेन त्यांच्या हाती दिलं. “आता इंटरनेट बंद.” ते लिहू लागले: वायर, राउटरचा दिवा, मग आयपी, म्हणजे यंत्राचा नेटवर्कमधला पत्ता. “169.254 नं सुरू झालो तर राउटराकडून पत्तोच मिळूक नाय.” मग गेटवे, म्हणजे बाहेर जायची वाट, मग डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सोय. दोन्ही रांगा शेजारी शेजारी. बराच वेळ ते कागदाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “ह्या तर ताच.”

आता मी वर त्यांचं वाक्य लिहिलं, ‘पदवी पाहिजेच’, आणि शेवटच्या ‘च’वर काट मारली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून मांडलेल्या विचाराची मी विद्यार्थिनी. इच्छेचा हट्ट झाला की माणूस अडतो, हे त्यांनी शिकवलं. आपल्या भाषेत तो हट्ट एका अक्षरात मावतो. असे बरेच ‘च’ मी खोडलेत, त्याचं समाधान आहे.

पदवीवाचून काही दारं बंद राहतात, हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही. मोठ्या कंपन्यांची चाळणी कडक असते. म्हणून सुरुवात गावातल्या ब्रॉडबँडवाल्याकडे, तालुक्यातल्या रुग्णालयात, कॉलेजात करावी. पगार पहिली दोन वर्षं कमी असेल, रात्रपाळीही असेल. ते घरात आधी बोलून घ्यावं, विशेषतः बायकोशी. ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या क्लासला लाखभर रुपये मोजू नयेत. पॅकेट ट्रेसर हे नेटवर्कच्या सरावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यावर हात बसवावा. सीसीएनएची फी 300 डॉलर, प्रमाणपत्र 3 वर्षं चालतं. तेव्हा घाईने नव्हे, तयारी झाल्यावरच बसावं. आणि चिडलेल्या ग्राहकाशी शांतपणे बोलता येणं ही मोठी शिदोरी आहे. ट्रॉलरमालकांची बोलणी खाल्लेल्या माणसाकडे ती भरपूर असते.

पुढच्या भेटीला ते भरलेला अर्ज घेऊन आले. शिक्षणाच्या रकान्यात ‘बारावी’. खाली अनुभवात, आजवर कुठेच न लिहिलेली ओळ: ‘ट्रॉलरची इंजिनं, 21 वर्षं’.